कंपनी फिटिंगवर विसंबू नका

माझ्या कारखान्यातल्या टेबलाच्या खणात पोलादाचा एक तुकडा जपून ठेवलेला आहे. जेमतेम दोन इंच लांब, एका कडेला धार, दुसरी कड काच फुटावी तशी तुटलेली. नवीन रंधा मशीन घ्यायचं म्हणून कोणी सल्ला विचारायला आलं की मी आधी तो तुकडा त्याच्या तळहातावर ठेवतो आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवतो. तिथे जांभ्याच्या चिऱ्यात नखाएवढा खळगा पडलेला आहे. तो या तुकड्याने पाडला. भिंतीपर्यंत पोचायच्या आधी तो माझ्या पुतण्याचा हात फाडून गेला होता.

आमचा सुतारकामाचा कारखाना चिपळूणचा. कारखाना म्हणजे चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, आणि मी, पुतण्या व एक मदतनीस अशी तीन माणसं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, त्यात आमचं सगळं गेलं. वडिलांनी घेतलेलं जुनं रंधा मशीन दोन दिवस पाण्यात आणि मग आठवडाभर चिखलात होतं. मोटर रिवाइंड करून घेतली, बेअरिंग बदलली, पण शाफ्टला गंजाने खड्डे पडले होते. मशीन थरथरत चालायचं. तेवढ्यात कामं अंगावर आली. पुराने फुगलेली दारं, सुटलेल्या चौकटी, तळ गेलेली कपाटं, अख्खा गाव सुताराच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. लोकांची दारं उघडी आणि आपण मशीनसाठी थांबलोय, ही बोच रात्रंदिवस होती. ती लिहून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या चुका त्या घाईत झाल्या.

नवीन मशीन फेब्रुवारीत आलं. बारा इंची रंधा, त्याच शाफ्टच्या टोकाला गोल करवत, तीन एचपीची थ्री फेज मोटर. वजन साडेतीनशे किलोच्या वर. टेंपोतून उतरवताना आम्ही दोर घातला तो दोन्ही टेबलांच्या खालून. तेव्हा सोयीचा वाटला. पण रंध्याची टेबलं उतरत्या खाचेवर सरकणारी असतात, ती काही मशीनचा सांगाडा नव्हेत. साडेतीनशे किलो त्यांच्यावर लोंबकळलं तर फॅक्टरीत घासून बसवलेली पातळी तिथल्या तिथे बिघडते. मशीन उचलायचं ते खालच्या बिडाच्या अंगाला दोर घालून, आणि दोराखाली पोत्याच्या घड्या देऊन. पाइपावरून सरकवताना पहार लावायची तीही पायाशी. उचलण्यासाठी कडी किंवा भोक कुठे दिलंय ते देणाऱ्याकडून आधीच विचारून घ्या, माणसं दोर धरून उभी राहिल्यावर नको.

पेटी उघडली तेव्हा सगळ्या उघड्या लोखंडावर पिवळट ग्रीसचा जाड थर होता. गंज धरू नये म्हणून कारखान्यातून तसा लावूनच देतात. टेबलं आम्ही रॉकेल आणि चिंध्यांनी लखलखीत केली. कटर ब्लॉकवरून वरच्या वर फडकं फिरवलं. आत, जिथे पाती धरलेली असतात त्या खाचांत, ग्रीस तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मशीन देणाऱ्यांचा मेकॅनिक आला. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी एक ठिकाण गाठायचं होतं. त्याने पट्टे चढवले, वायर जोडली, मशीन फिरवून दाखवलं. मी विचारलं, "ब्लेड खोलून बघायची का?" तो म्हणाला, "ब्लेड कंपनी फिटिंग है, हात मत लगाओ." मी कागदावर सही केली. गार्ड अजून खोक्यातच होतं. त्याचे दोन स्क्रू कमी पडत होते, ते पुढच्या खेपेला आणतो म्हणाला. गार्डशिवाय मशीन सुरू करायचं नाही हे मला ठाऊक होतं. तीस वर्षं हे काम करतोय. तरी मी ते सुरू केलं.

मशीनने तीन दिवस आधी सांगून बघितलं. पहिल्या दिवसापासून फळीवर बारीक लाटा उमटत होत्या. आमच्या ब्लॉकवर तीन पाती आहेत. तिन्ही सारखी कापत असली की लाटा इतक्या जवळजवळ पडतात की हाताला लागतसुद्धा नाहीत. एकच पातं बाकीच्यांहून वर आलं असेल तर कापतं ते एकटंच, आणि लाटांमधलं अंतर तिप्पट होतं. मी मात्र लाकडाला दोष दिला. म्हटलं, पुरानंतरचं लाकूड, ओल असेल आत. तिसऱ्या दिवशी फिरणाऱ्या ब्लॉकच्या आवाजात एक टिकटिक आली. पुतण्या म्हणाला, "काका, काहीतरी लागतंय." मी म्हटलं, नवीन आहे, बसेल.

चौथ्या दिवशी दुपारी सागाची फळी चालली होती, दाराच्या पॅनेलची. तो ढकलत होता, मी पलीकडून घेत होतो. फळी माझ्या हातात आली, ब्लॉक उघडा पडला आणि मोठा फटाका फुटावा तसा आवाज झाला. मी स्विचकडे धावलो. मागे वळून बघतो तर तो डाव्या हाताने उजवा हात धरून उभा होता, आणि बोटांतून रक्त टेबलावर पडत होतं. घासून पुसून स्वच्छ केलेल्या नव्या टेबलावर.

हाताला अकरा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, शीर बोटभर अंतराने वाचली. दवाखान्याच्या बाकावर वहिनी माझ्या शेजारी बराच वेळ गप्प बसल्या होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही तिथेच होतात ना?"

आमच्या आळीत एक काका राहतात. लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत फिटर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन कारखान्यात गेलो. त्यांनी मशीनला हात लावण्याआधी मेन बंद केला, फ्यूजच्या तिन्ही किटकॅट काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "खिशात ठेव. दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस." मग पट्टे उतरवले, ब्लॉकखाली लाकडाची पाचर मारून तो हलणार नाही असा केला आणि उरलेल्या दोन पात्यांचे बोल्ट एकेक करून सोडवायला घेतले. एका पात्याचे बोल्ट पान्याला घट्ट लागले. दुसऱ्याचे दोन बोल्ट बोटांनी फिरले. तुटलेल्या पात्याची पाचरपट्टी बाहेर काढून त्यांनी ती उजेडात धरली. तिच्यावर पिवळा, चिकट, ताजा थर होता.

ते म्हणाले, "पातं बोल्टाने धरलेलं नसतं रे. बोल्ट पट्टी दाबतो, पट्टी पात्याला दाबते, आणि पातं जागेवर राहतं ते घासणीच्या जोरावर. ती घासणी तू ग्रीसमध्ये बुडवलीस."

संध्याकाळी पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या माझ्या मुलीने कागदावर हिशेब मांडून दाखवला. बारा इंच लांब, तीस मिलीमीटर रुंद, तीन मिलीमीटर जाड पातं भरतं दोनशे ग्रॅमच्या थोडं वर. ब्लॉक मिनिटाला ४,८०० फेरे घेतो तेव्हा तेच पातं सव्वादोनशे किलोच्या आसपास जोराने बाहेर निसटू बघतं. म्हणजे चार-पाच पोती सिमेंट लोंबकळावं तेवढी ओढ, आणि तिला धरायला काय, तर सैल बोल्ट आणि ग्रीस. पातं थोडं थोडं सरकत बाहेर आलं, म्हणून लाटा. टेबलाच्या ओठाला घासू लागलं, म्हणून टिकटिक. शेवटी ओठावर आदळलं. रंध्याचं पातं कडक पोलादाचं असतं, ते वाकत नाही, फुटतं.

म्हणून नवीन मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगतो, आणि हात जोडून सांगतो: कोणी काहीही म्हणो, पहिल्यांदा बटण दाबायच्या आधी सगळी पाती स्वतः सोडवा, पुसा आणि पुन्हा बसवा. अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

ते कसं करायचं ते नीट सांगतो, कारण खरी मेख इथेच आहे.

पाती एका वेळी एकच सोडवायची. खाच, पाचरपट्टी, पात्याच्या दोन्ही बाजू, बोल्टाचे आटे, सगळं आधी रॉकेलने धुवायचं. पण रॉकेल स्वतःच तेलकट थर मागे ठेवतं, म्हणून शेवटचा हात थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याचा, आणि मग कोरडं फडकं. थिनर बाहेर काढलं की जवळपास विडी नको, ग्राइंडर नको, आणि भिजलेली फडकी कोपऱ्यात कोंबून ठेवायची नाहीत, बाहेर उन्हात वाळत टाकायची. पाती वजनाला सारखी आहेत का तेही बघा. फिटरकाकांनी मला सराफाकडे पाठवलं, त्याच्या काट्यावर नव्या तिन्ही पात्यांचं वजन केलं. वजनात फरक असला की ब्लॉक डोलतो आणि बेअरिंग अकाली जातात. एक पातं तुटलं म्हणून एकच नवीन टाकू नका, पूर्ण जोड घ्या.

आता पातं किती वर ठेवायचं. धार ब्लॉकच्या अंगाबाहेर साधारण एक मिलीमीटर, त्याहून जास्त नको. पण खरं माप ब्लॉकशी नाही, मागच्या टेबलाशी, म्हणजे लाकूड कापून झाल्यावर ज्या टेबलावर जातं त्याच्याशी जुळवायचं. फिरत्या पात्याचा सर्वांत वरचा बिंदू आणि मागच्या टेबलाची पातळी एक हवी. टेबल खाली राहिलं तर फळी शेवटच्या टोकाला खोल खाल्ली जाते. वर राहिलं तर फळी टेबलाच्या ओठाला अडते नाहीतर उतार पकडते. पुढचं टेबल फक्त किती कापायचं ते ठरवतं, त्याचं इथे काम नाही.

ही पातळी बघायला फिटरकाकांनी डायल गेज मागितलं नाही. सागाची एक फूटभर काठी मागितली. मी ती हातरंध्याने सरळ केली. त्यांनी ती मागच्या टेबलावर आडवी ठेवली, टोक ब्लॉकवर पुढे आलेलं. टेबलाचा ओठ जिथे येतो तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारली. मग ब्लॉक हाताने, सावकाश, चालतो त्याच दिशेने फिरवला. पात्याची धार वर आली, काठीला खालून लागली आणि काठीला घेऊन किंचित पुढे सरकली. धार खाली गेली तशी काठी थांबली. त्यांनी ओठाशी दुसरी रेघ मारली. दोन रेघांत तीन मिलीमीटर.

"आता प्रत्येक पात्याने, दोन्ही टोकांना, काठी या रेघेपासून त्या रेघेपर्यंतच न्यायला हवी," ते म्हणाले. "कमी नेली तर पातं खाली आहे, जास्त नेली तर वर."

त्या साध्या काठीतलं गणित मला नंतर कळलं. शंभर मिलीमीटर व्यासाच्या ब्लॉकवर काठी तीन मिलीमीटर सरकते तेव्हा धार टेबलाच्या वर असते फक्त दोन शतांश मिलीमीटर. सहा मिलीमीटर सरकली तर नऊ शतांश. म्हणजे डोळ्याला आणि बोटाला अजिबात न कळणारा फरक काठी पेन्सिलीच्या रेघेवर मोठा करून दाखवते. आमच्या सुतारकीत एवढी बिनखर्चाची आणि एवढी खरी हत्यारं थोडी आहेत.

बोल्ट आवळताना आधी सगळे नुसते टेकवायचे, मग मधून कडांकडे जात हलके, मग पुन्हा त्याच क्रमाने घट्ट. तीन फेऱ्या. आवळताना पातं हमखास केसभर वर उचललं जातं, म्हणून आवळून झाल्यावर काठी पुन्हा लावायची. हे बहुतेक जण विसरतात. आणि पान्याला पाइप घालून जोर लावायचा नाही. मशीनबरोबर आलेल्या पान्याला एका हाताचा जो जोर बसतो तेवढ्यासाठीच ते आटे केलेले असतात, जास्त लावला की आटे जातात आणि वरून बोल्ट घट्टच वाटतो.

मग पाचर काढा. पाचर काढली का, पाने कुठे आहेत, काठी कुठे आहे, हे मोठ्याने बोलून मोजा. ब्लॉक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही टेकत नसेल तर पट्टे चढवा.

हे झालं पात्यांचं. बाकीच्या गोष्टी आम्ही त्याच आठवड्यात एकेक करून पुन्हा तपासल्या, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी काही ना काही निघालं.

जमीन आधी घ्या. मशीनचे चार पाय आणि आमची कोबा केलेली जमीन यांचं जमत नव्हतं, एक पाय कागद सरकेल एवढा अधांतरी होता. मेकॅनिकने तो बोल्टाने खाली ओढून घेतला होता. बीड कडक वाटतं, पण असं ओढलं की टेबलाला पीळ पडतो. दोन सारख्या सरळ पट्ट्या टेबलाच्या दोन टोकांना आडव्या ठेवून एकीच्या वरून दुसरीकडे बघितलं तेव्हा पीळ डोळ्याला दिसला. बोल्ट सोडले, पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या घातल्या, पाणसळ दोन्ही दिशांनी लावली, पट्ट्यांनी पुन्हा बघितलं आणि मगच बोल्ट आवळले. पॅकिंगला लाकूड वापरू नका. आमच्याकडच्या पावसात ते फुगतं आणि श्रावणात मशीन पुन्हा वाकडं होतं. पट्ट्या आणि सरळ कड नसेल तर ताणलेलं सूतही बरंच सांगून जातं.

पुल्यांना मी सूतच लावलं. दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून दोरी ताणली की ती चार ठिकाणी टेकली पाहिजे, तीन ठिकाणी टेकली तर मोटर सरकवायची. पट्ट्याचा ताण अंगठ्याने: दोन पुल्यांत सोळा इंच अंतर असेल तर मध्ये दाबल्यावर पाव इंच आत जावा. फार ताणला की बेअरिंग तापतात. फेऱ्यांचा हिशेबही करा, अवघड नाही. मोटरचे फेरे गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले ब्लॉकच्या पुलीचा व्यास. आमचं २,८८० गुणिले पाच भागिले तीन, म्हणजे ४,८००. गोल करवतीच्या पात्यावर जास्तीत जास्त फेरे कोरलेले असतात. मशीनचे फेरे त्यापेक्षा जास्त येत असतील तर ते पातं त्या शाफ्टवर कधीही चढवू नका, मग दुकानदार काहीही सांगो.

विजेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे माणूसही जातो आणि मोटरही. थ्री फेज मोटरच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन बदलल्या की ती उलटी फिरते. रंधा उलटा फिरला तर लाकूड हातातून ओढून घेतो, आणि करवतीचं नट, जे चालताना आवळत जायला हवं, ते सैल होत जातं. म्हणून जोडणी झाल्यावर पट्टे उतरवून, पातं काढून, बटण क्षणभर दाबून सोडायचं आणि पुली कुठल्या बाजूने फिरते ते बघायचं. मग बिडावर खडूने नव्हे, रंगाने बाण काढून ठेवायचा. हे एकदाच करून भागत नाही. खांबावर काम झालं, वायरिंग बदललं, मोटर रिवाइंड होऊन आली, की दर वेळी पुन्हा बघायचं.

स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेची चकती आमच्याकडे आठ अँपिअरवर ठेवलेली निघाली. मोटरच्या पाटीवर होते ४.७. म्हणजे मोटर जळत असतानाही स्टार्टर तिला तोडणार नव्हता. चकती पाटीवरच्या आकड्याला आणून ठेवा. "मशीन ट्रिप होतं" म्हणून ती वाढवण्यापेक्षा का ट्रिप होतं ते शोधा, बहुतेक वेळा पाती बोथट झालेली असतात. झाड पडून एक फेज गेली तर मोटर उरलेल्या दोनवर चालत राहते आणि जळते, त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून घ्या. अर्थिंग दोन, स्वतंत्र, मोटरच्या अंगाला वेगवेगळ्या बोल्टाने. थ्री फेज मोटरला दोन अर्थ द्यायचे हा वायरमनच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही, वीज नियमांतली अट आहे. आणि स्टार्टर असा हवा की वीज गेली तर बटण आपोआप सुटेल. वीज आल्यावर मशीन स्वतःहून सुरू होणं, आणि त्या वेळी कोणाचा तरी हात ब्लॉकवर असणं, याची कल्पना करून बघा.

करवतीच्या पात्यामागे उभी राहणारी पोलादी पट्टी बहुतेक कारखान्यांत काढून टाकलेली दिसते, "मध्ये येते" म्हणून. कापलेलं लाकूड मिटून पात्याला मागून धरतं तेव्हा ते आपल्या पोटाच्या दिशेने भिरकावलं जातं, ती पट्टी नेमकं तेच थांबवते. पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड, दातांच्या कापापेक्षा पातळ, आणि दातांपासून आठ मिलीमीटरच्या आत, अशी ती हवी. रंध्यावर काम करायचं असेल तेव्हा करवतीचं पातं उतरवून ठेवा, एकाच शाफ्टवर दोन्ही फिरत असतात.

गार्डबद्दल मला वेगळं काही बोलवत नाही. त्या दिवशी ते ब्लॉकवर असतं तर फळी पुढे गेल्याबरोबर उघडा भाग झाकला गेला असता. दोन स्क्रू आमच्या समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाले. जुनं मशीन घेणाऱ्यांना एक सांगतो, ब्लॉक चौकोनी असेल तर ते घेऊच नका. हाताने लाकूड ढकलायच्या रंध्याला गोलच ब्लॉक हवा, असं फॅक्टरी कायद्याखालचे नियमही सांगत आले आहेत. आपल्यासारख्या दोन-तीन माणसांच्या कारखान्याला ते नियम सहसा लागत नाहीत, पण बोटं आपल्यालाही दहाच आहेत.

पहिला दिवस कसा चालवायचा? लाकूड न लावता. बाजूला उभं राहून, ब्लॉकच्या रेषेत नाही. दोन मिनिटं चालवा, बंद करा, फ्यूज काढा, प्रत्येक बोल्टला पाना लावून बघा. मग अर्धा तास चालवा आणि बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर पट्टा फार ताणलाय किंवा ग्रीस फार भरलंय. मग मऊ, बिनगाठीच्या लाकडावर कागदाएवढा काप घ्या. तासाभराने पुन्हा बोल्ट. दिवसाच्या शेवटी पुन्हा. फळीवर लाट दिसली किंवा आवाज बदलला तर लाकडाला दोष देण्याआधी मशीन थांबवा. आणि कारखान्यात जो वयाने लहान आहे तो "काहीतरी लागतंय" म्हणाला तर आधी बटण दाबा, मग बोला.

टेबल पुसून झालं की त्याला तेल नको, मेण चोळा. तेलाचे डाग लाकडावर उतरतात आणि मग पॉलिश धरत नाही. कोकणात ग्रीस काढलेलं बीड पावसाळ्याच्या एका रात्रीत नारिंगी होतं.

घेतानाच काही गोष्टी बोलून घ्या. पंजाबातून आलेलं असो की गुजरातेतून, मशीन शेकडो किलोमीटर ट्रकमध्ये हादरत आलेलं असतं. कारखान्यात घट्ट केलेला बोल्ट इथे घट्टच असेल असं कोणीच सांगू शकत नाही. बिलावर लिहून घ्या की जोडणी पूर्ण होऊन, गार्डसकट, तुमच्यासमोर पाती खोलून बसवल्यावरच सही होईल. मेकॅनिकला घाई असेल तर त्याला जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी बोलवा. गिऱ्हाईकाला मी आता सरळ सांगतो, नवीन मशीन आहे, आठ दिवस द्या. पुरात दार गेलेल्या माणसालाही मी असं सांगितलं असतं तर तो थांबला असता. चार-पाच जणांना नंतर विचारलं, सगळे हेच म्हणाले.

मशीनजवळ खिळ्याला एक वही टांगलेली आहे. पाती कधी बसवली, कोणी बसवली, काठी किती सरकली, बोल्ट कोणी तपासले. बसवणारा एक, तपासणारा दुसरा, दोन सह्या झाल्याशिवाय पट्टा चढत नाही. पुतण्याच्या हाताला थंडीत अजून ओढ बसते, पण मूठ पूर्ण मिटते. वर्षभर तो मशीनपाशी फिरकला नाही आणि मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. एक दिवस वहीत त्याच्या अक्षरात नोंद दिसली. आता पाती तोच बसवतो.

पुराचं भय आमच्याकडे कायमचं. दहा-बारा फूट पाणी आलं तर कुठलाही चौथरा पुरत नाही, म्हणून आम्ही मोटर चार बोल्टांवर आणि प्लग-सॉकेटवर घेतली आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री नदी चढत असल्याचा निरोप आला. मी आणि पुतण्या गेलो, वीस मिनिटांत मोटर सुटली आणि दोरीने माळ्यावर गेली. त्या रात्री पाणी बाजारपेठेपर्यंत आलं नाही. सकाळी मोटर पुन्हा खाली उतरली. मी चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा त्याने पट्टे न चढवताच बटण क्षणभर दाबून पुलीची दिशा रंगाच्या बाणाशी ताडून बघितली होती, आणि आता ब्लॉक हाताने फिरवत तो काठीवरच्या दोन रेघांकडे वाकून बघत होता. स्विचबोर्डावर फ्यूजच्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या, आणि त्याच्या शर्टाचा खिसा खाली ओढलेला होता.